डोंगर दुःख हलके करतो का?

डोंगरात गेले की मन मोकळे होते, असे आपण सगळेच म्हणतो आणि खाली एखादा धुक्याचा फोटो जोडतो. उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत गेली काही वर्षे चालल्यावर माझे मत मात्र जरा वेगळे झाले आहे. डोंगराला आपल्या मनाशी काही देणेघेणे नसते. जे काही हलके होते ते बरोबर चालणाऱ्या माणसांमुळे होते, आणि ती माणसे तिथे एकत्र येतात यामागे बऱ्याच जणांचे बिनपगारी कष्ट आहेत. आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते आहे.

इथल्या उघड्याबोडक्या डोंगरांना 'फेल' म्हणतात. आपल्या हिशेबाने त्यांची उंची किरकोळच आहे. सर्वांत उंच स्कॉफेल पाइक 978 मीटरचा, म्हणजे कळसूबाईसमोर अगदीच लहान. पण झाडांचा आडोसा नाही, वारा अंगावर सरळ येतो, पायाखाली दलदल किंवा निसरडा दगड असतो, आणि पाऊस चार महिन्यांत उरकून घेण्याची शिस्त इथल्या ढगांना कुणी लावलेली नाही. बॉरोडेल खोऱ्यातले सीथवेट हे इंग्लंडमधल्या सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक आहे, आणि ग्रेट गेबलची एक लोकप्रिय चढण नेमकी तिथूनच सुरू होते.

2020 च्या मे महिन्यात माझे बाबा साताऱ्यात गेले. विमाने बंद होती. अंत्यविधी मी इथे इंग्लंडमध्ये, प्रेस्टनच्या घरी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर पाहिला. त्यानंतर माणसांनी फोन केले, दाराशी डबे ठेवले, आणि त्या सगळ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरीही समोरासमोरच्या सांत्वनात एक अडचण असते: ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून दुःखी माणसालाच आपला चेहरा सांभाळत बसावे लागते. पुढच्या वर्षी निर्बंध उठल्यावर कामावरच्या एका बाईने मला तिच्या चालणाऱ्या गटात नेले. तिथे पहिल्यांदा लक्षात आले की एकामागे एक चालणाऱ्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसतच नाहीत. नजर पुढच्या पावलावर असते, दम लागलेला असतो, त्यामुळे वाक्ये आपोआप तोकडी होतात आणि मध्ये कितीही वेळ गप्प राहिले तरी कुणाला ते अवघड वाटत नाही.

गटातले एक निवृत्त बसचालक मला ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा ते शिकवत होते. टाचेवर भार द्यायचा नाही, अख्खा तळवा टेकवायचा आणि पुढचा पाय स्थिर झाल्याशिवाय मागचा उचलायचा नाही. हे सांगता सांगता, आवाजात काहीही फरक न पडता, ते म्हणाले की पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते दर रविवारी हीच वाट चालत. मी म्हटले, "माझे वडील गेले." त्यांनी मागे वळून पाहिले नाही, थोडे पुढे गेल्यावर फक्त विचारले, "चालायचे का ते?" मग खिंडीपर्यंत मी बाबांविषयी बोलत राहिले: त्यांची अजिंक्यताऱ्याची पहाटेची फेरी, त्यांची काठी, वाटेतल्या कुत्र्यांशी असलेली त्यांची ओळख. वर्षभरात मला हे कुणी विचारले नव्हते.

इथे चालणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी वेनराइट हे नाव असते. आल्फ्रेड वेनराइट हे केंडलच्या नगरपालिकेचे खजिनदार. नोकरी सांभाळून त्यांनी 214 फेल पायी पालथे घातले आणि 1955 ते 1966 या काळात त्यांच्या सात मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्या, त्याही स्वतःच्या हाताने लिहून आणि रेखाटून. त्यांच्याकडे गाडी नव्हती. ते बसने जात आणि एकटेच चालत. वाटेत कुणी गाठले तर त्यांना ते फारसे रुचत नसे. अशा एकांतप्रिय माणसाच्या यादीमुळे आज अनोळखी माणसे शिखरावर एकमेकांना "तुमचे किती झाले?" असे विचारतात, ही गंमत मला फार आवडते. यादी पुरी करण्याचा हव्यास मला स्वतःला नाही. पण ज्यांना आहे त्यांची मी चेष्टाही करत नाही, कारण घरी एकटे बसलेल्या माणसाला शनिवारी अंथरुणातून उठवायला कधी कधी एक यादीच पुरते.

या डोंगरांत कुणीही मोकळेपणाने चालू शकते हेही आपोआप घडलेले नाही. 1887 साली केझिक गावाजवळच्या लॅट्रिग या फेलची वाट जमीनदारांनी अडवली, तेव्हा सुमारे 2,000 माणसे अडथळे दूर करून माथ्यावर चालून गेली. 1932 मध्ये डर्बीशायरच्या किंडर स्काउट या डोंगरावर तरुण कामगारांनी तेच केले आणि त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. उघड्या डोंगरमाथ्यांवर वाट सोडूनही चालण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंडमध्ये 2000 सालच्या कायद्याने आला. गिरण्यांत आणि कारखान्यांत आठवडा काढणाऱ्यांना रविवारची हवा हवी होती, तिथून हे सगळे सुरू झाले. त्यामुळे फेलवर चालणे हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असे कुणी म्हटले की मला राहवत नाही.

वाटा राखणे हे तर कधी न संपणारे काम आहे. 'फिक्स द फेल्स' या उपक्रमाचे स्वयंसेवक वाटांवरून फिरून पाणी बाजूला काढणाऱ्या आडव्या दगडी चरांतला गाळ उपसतात. मीही अधूनमधून जाते. फावड्याने खडी आणि कुजलेले गवत ओढून काढले की तुंबलेले पाणी क्षणभर गढूळ होते आणि मग वाट सोडून उताराला लागते. चर तुंबलेलाच राहिला तर वाटेचाच ओढा होतो, माणसे कडेच्या गवतातून चालू लागतात, आणि पाहता पाहता हातभर वाटेची जागा रुंद, उघडी जखम घेते. इथली पर्वत बचाव पथकेही स्वयंसेवकांचीच आहेत. 999 या इथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागितले की ही माणसे आपापली कामे टाकून निघतात आणि कुणालाही बिल पाठवत नाहीत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यामागची वृत्ती समजावून सांगावी लागणार नाही.

दर नोव्हेंबरात स्मृतिदिनाच्या रविवारी शेकडो माणसे ग्रेट गेबलच्या माथ्यावर जमतात. पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या आपल्या सदस्यांच्या स्मरणार्थ फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबने आसपासचे डोंगरमाथे विकत घेऊन 1923 साली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिले, आणि पुढच्या वर्षी माथ्यावर कांस्यफलक बसवला. सकाळी अकराला दोन मिनिटे सगळे स्तब्ध उभे राहतात. थंडीने नाक गळत असते आणि रुमाल काढायची सोय नसते. त्या फलकावर माझ्या ओळखीचे एकही नाव नाही. पण साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातूनही त्या युद्धात माणसे गेली आणि परत आली नाहीत, हे बाबांनी मला लहानपणी सांगितले होते. स्तब्धता संपल्यावर शेजारच्या बाईला मी ते सांगितले, तर तिने गावाचे नाव दोनदा विचारून घेतले.

आपल्यासारखे चेहरे इथे अजून कमी दिसतात. 2021 च्या नाताळच्या दिवशी मुस्लिम हायकर्स या गटातली माणसे पीक डिस्ट्रिक्टमध्ये मॅम टॉर या डोंगरावर चालायला गेली, तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांना नको ते ऐकावे लागले होते. मला वाटेवर तसा अनुभव आलेला नाही. पण तो कुणालाच येत नाही असे मी म्हणणार नाही. याचा उपाय घरी बसणे हा नक्कीच नाही. इथली आपली मराठी मंडळे गणपती आणि दिवाळीला सभागृहे भरवतात ते चांगलेच आहे. मात्र तिथे जो दुःखात असतो तो बहुधा येतच नाही, कारण त्याला जरीचे कपडे घालून हसायचे नसते. अशा माणसासाठी मंडळांनी महिन्यातून एक चाल ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. गाडी नसली तरी अडत नाही. लँकेस्टर आणि केंडलहून केझिकला 555 क्रमांकाची बस जाते. आमच्या गटात सध्या लँकेस्टरला शिकणारा एक मुलगा येतो; तो मला मावशी म्हणतो आणि माझ्या दशम्या माझ्याआधी संपवतो.

ज्यांना यायचे आहे त्यांनी मला निरोप पाठवावा. सुरुवात कॅटबेल्सपासून करू. तो 451 मीटरचा आहे, पण माथ्याजवळ थोडे हातांचा आधार घेत चढावे लागते. चांगले बूट, पाणी न शिरणारे जॅकेट आणि शिट्टी आणावी. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवून एक मिनिट थांबायचे असते. जीन्स घालून येऊ नये. भिजली की ती दिवसभर वाळत नाही.