नात्याचा रकाना

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोथरूडच्या आमच्या टू बीएचकेत मी दोन मुली आणि एक मुलगा असे तीन भाडेकरू ठेवले, त्या लेखावर तुमचे आक्षेप तीन: हे कायद्यात बसत नाही, हे आपल्याकडे कधी नव्हतं, आणि ‘स्वतःच्या मुलीला असं राहू द्याल का?’

कायद्याचं आधी उरकते. सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अभिनेत्री खुशबूच्या खटल्यात सांगून टाकलंय. उत्तराखंडात २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली, ती तिथली गोष्ट. पण मुळात माझे भाडेकरू लिव्ह-इनमध्ये नाहीतच हो! २०१० च्याच वेलुसामी निकालात ‘लग्नासारखं नातं’ कशाला म्हणायचं ते कोर्टाने सांगितलंय. चारचौघांत नवरा-बायकोसारखं वावरणं हवं, बऱ्यापैकी काळ तसं राहणं हवं. फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीवर मार्करने आपापलं नाव घालणारी ही मंडळी त्यात कुठून बसायची?

‘आपल्याकडे कधी नव्हतं’ म्हणता, तर गिरणगाव आठवा. कोकणातून, घाटावरून आलेले कामगार, बायका-मुलं गावाला. एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचे. बिऱ्हाडकरूही भाड्याला हातभार म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत दोन-तीन परके बाप्ये ठेवून घ्यायचे आणि घरातली बाई त्या सगळ्यांचा डबा भरायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना घेऊन. परका पुरुष आणि घरची बाई एका छपराखाली नांदत होते. तेव्हा संस्कृती बुडाली नाही, कारण घरभाडं भागत होतं.

एक मात्र तुमचं बरोबर. ‘आता हे सगळ्यांनी स्वीकारलंय’ हे वाक्य मी लेखात उगाच ठोकून दिलं. स्वीकारलं वगैरे काही नाही. फ्लॅट चार महिने रिकामा राहिला की हप्ता आणि मेंटेनन्स खिशातून जातो, म्हणून मालक कमी चौकशा करतात. माझंही थोडंफार तसंच झालं, हे लेखात लिहायला हवं होतं.

आता मुलीचं. ती बंगळुरूला असते. ‘आम्ही तिघी मैत्रिणी’ असं वर्षभर सांगत होती. एकदा व्हिडिओ कॉलवर मागून पुरुषी आवाज आला, ‘अगं, कुकरच्या किती झाल्या?’ मी विचारलं, कोण गं? म्हणाली, टीव्ही. टीव्हीला आमच्या कुकरच्या शिट्ट्यांची काळजी! रागावले, रात्री नीट झोपही लागली नाही. मग १९९८ मधली मी आठवले. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी आणि ऑफिसातला एक मित्र राहायचो, आणि घरमालकीणबाईंना त्याची ओळख मी ‘मावसभाऊ’ अशी करून दिली होती. रक्षाबंधनाला त्या मुद्दाम डोकवायच्या, म्हणून त्याला राखीही बांधायचे. बाईंना सगळं कळत होतं असा आज मला दाट संशय आहे. त्यांना चाळीत सांगायला एक नातं हवं होतं, ते आम्ही पुरवलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, राहू देते. तिच्या घरातला तो मुलगा चांगला आहे, भात मात्र गिच्च करतो. मला झोंबलं ते तिने खोटं बोलण्याचं, आणि ते ती कुणाकडून शिकली हे मला ठाऊक आहे.

माझे भाडेकरू रात्री दोनला गाणी लावतात ही तुमची तक्रार रास्त आहे. त्यांना बोलले आहे, पुन्हा झालं तर थेट मला फोन करा.

आणि सोसायटीच्या भाडेकरू फॉर्मचं विचारलंत. त्यात ‘आपसातील नाते’ असा रकाना आहे. एजंट म्हणाला, ‘ताई, चुलत भावंडं टाकू का? सगळे तसंच टाकतात.’ मी रकाना कोरा ठेवला, सेक्रेटरींनी फॉर्म परत पाठवला. मग मी तिथे ‘सहभाडेकरू’ लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.