पाच लाखांच्या विम्यासोबत हेही सांगायला हवं

बँकेतल्या ठेवींच्या विम्यावरचा तुमचा लेख ‘पाच लाखांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित’ एवढं सांगून थांबला, पण खरी अडचण रकमेपेक्षा वेळेची होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या वेळी विमा होता एक लाखाचा, आणि तोही बँकेचा परवाना रद्द होऊन ती अवसायनात गेल्यावरच, म्हणजे कायमची बंद करून तिची देणी-घेणी मिटवायला घेतल्यावरच मिळायचा. तोपर्यंत आजारपण, मुलीचं लग्न, घरभाडं कशातून भागवायचं?

फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. पण माझ्या मते त्याहून मोठा बदल ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीचा. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन करण्याचा विचार चालू असेल तर आणखी ९० दिवस लागू शकतात.

पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, शिवाय त्याच बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या एका नावावरच्या ठेवी एकत्र मोजतात. माझ्या मावशीने दोन शाखांत पैसे विभागून ठेवले होते आणि ती निर्धास्त होती!

आणि पतसंस्थांचं काय? त्यांच्या ठेवींना हा विमा लागूच नाही. गावाकडे पतसंस्थेला सर्रास ‘बँक’च म्हणतात, निवृत्तीची पुंजी तिथेच ठेवतात. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती. संपादकांनी ती कृपया जोडावी.