गोलाला शंभर

आज सकाळी बस स्टॉपवर चारचौघांत आप्पांनी माझ्याकडे तीनशे रुपये मागितले. उसने नव्हेत, थकबाकी. कसली, तर पोरांच्या फुटबॉलला त्यांनीच 'दिलेल्या' देणगीची!

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या अलीकडं आमच्या गावाचा माळ आहे. बारा-तेरा वर्षांची पोरं तिथं संध्याकाळी खेळतात. मुरमावर चेंडूची सालपटं निघतात आणि आतला ब्लॅडर गळवासारखा बाहेर येतो. गोलपोस्टचा आडवा बांबू मधोमध लवलाय. नियमानं उंची आठ फूट; आमच्याकडं कडेला आठ, मध्ये सात. त्यामुळं चेंडू आतून गेला की वरून, हा आमचा दुसरा सीमाप्रश्न. तोही सुटत नाही.

चेंडू आणि जाळीसाठी वर्गणी काढायची म्हणून मी आप्पांकडे गेलो. आप्पा गावची भिशी चालवतात. समोर कायम लाल वही.

"एका मॅचला किती गोल हुत्यात ओ मास्तर?"

"नेम नाही आप्पा. कधी दोन, कधी एकही नाही."

"एकबी न्हाई? तासभर पळून?" आप्पांना खरोखर वाईट वाटलं. भिशीत असं होत नाही, दर महिन्याला एकाचा तरी नंबर लागतोच. मग त्यांनी वही उघडली. "असं करूया. गोल मारला की आमचे शंभर. खाल्ला की शंभर वजा. पोरास्नी बी जबाबदारी पायजे की ओ."

मी हसलो. त्यांनी लिहून घेतलं.

याच गावात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात, तेव्हा पहिलं बक्षीस कोण देणार यावरून भांडणं होतात. बॅनरवर इतके चेहरे असतात की स्पर्धा कसली ते कोपऱ्यात शोधावं लागतं. आमच्या चेंडूवर चेहरा छापता येत नाही, छापला तर त्यालाच लाथा बसणार. हीच फुटबॉलची अडचण असावी. एका कारखान्यातही जाऊन आलो. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, आणि त्या यादीत ग्रामीण खेळ चक्क लिहिलेले आहेत. साहेबांनी चहा पाजला आणि विचारलं, नोंदणीकृत ट्रस्ट आहे का? बारा-ए, ऐंशी-जी, म्हणजे करसवलतीचे दाखले? तीन वर्षांच्या कामाचा पुरावा? तीन वर्षांत माझी पोरं दहावीला जातील हो! आणि तोवर फाटक्या चेंडूनं केलेल्या कामाचा पुरावा म्हणजे काय, फाटका चेंडूच की. कोल्हापूरला तालमींचे संघ खेळतात तेव्हा शाहू स्टेडियम भरतं, तिथला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. पण तिकडं हात पसरावा तर आम्ही कर्नाटकातले, आणि बंगळूर पाचशे किलोमीटर.

असो. रविवारी शहरातल्या पोरांशी मॅच झाली. त्यांच्या पायात बूट, आमच्यातल्या निम्म्यांच्या पायात माती. आप्पा छत्री घेऊन आले होते, जन्मात पहिल्यांदा. आम्ही 4-1 नं हरलो. आप्पा शेवटपर्यंत थांबले. मला वाटलं, गोडी लागली.

"एक मारला, चार खाल्ले. तीनशे निघत्यात," बस स्टॉपवर वही उघडून ते म्हणाले.

आता माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "आप्पा, चारातला एक आपल्याच पोरानं चुकून आपल्या जाळीत मारला. म्हणजे जाळी नव्हतीच, तुम्ही दिली नाही म्हणून. पण मारला आपल्या पोरानं. तो मारलेल्यांत धरा."

आप्पांनी विचार केला. बसची वाट बघणाऱ्या दोन मावश्यांनीही केला. एक म्हणाली, "मास्तरांचं बरोबर हाय की." आप्पांनी खोडून लिहिलं: मारले दोन, खाल्ले तीन. मी छाती फुगवली. एवढं भांडून मी माझं देणं तीनशेवरून शंभरावर आणलं होतं.

"व्याज लावत न्हाई, पोरांचं काम हाय," आप्पा म्हणाले. मग आवाज उतरवून, "आमच्या बाळ्याला गोलकी करा. शंभरबी सोडतो."

बाळ्या म्हणजे नातू. मोबाईलवरून मान वर करत नाही. आमच्या लवलेल्या बांबूखाली तेवढीच उंची पुरते म्हणा. मी म्हटलं, पाठवा उद्यापासून. फक्त येताना चेंडू घरचा आणायचा, नवा, आणि फाटला तर तोही घरचाच.

आप्पांनी ते मात्र वहीत लिहिलं नाही.