हतनूरची बदकं मेली नाहीत, परत निघालीत

‘उन्हाच्या तडाख्यानं हतनूरच्या जलाशयातली बदकं मेली’ हा मेसेज भुसावळ-जळगावकडे फिरतोय. तो चुकीचा आहे. चक्रवाक, पट्टकदंब हे आपले हिवाळी पाहुणे. उन्हाळा लागताच ते विणीसाठी लडाख, तिबेट, मंगोलियाकडे परततात. पट्टकदंब तर हिमालय ओलांडतो. टॅग लावलेल्या पक्ष्यांची ७,००० मीटरवर उडाल्याची नोंद आहे. चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, चैत्रात पाणी ओकंबोकं दिसतं, जीव हळहळतो, कबूल. पण टिटवी, नदीसुरय हे पक्षी बारमाही इथेच असतात. नदीसुरय याच दिवसांत उघड्या वाळूवर अंडी घालते, म्हणून तिकडे गाड्या नेऊ नका. शेवटचा चक्रवाक कधी दिसला, ती तारीख आणि संख्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. मेलेला पक्षी खरंच आढळला, तर हात न लावता वनविभागाला कळवा.