सर्व्हर त्यांचा बंद, दंड आम्हाला!

उत्पन्नाचा दाखला हवाय? सर्व्हर डाऊन. उद्या या. उद्या गेलं तरी तेच. खिडकीपलीकडचा माणूस हात वर करतो, "ते कंपनीकडे आहे हो, आमच्या हातात काही नाही." आणि खरंच त्याच्या हातात काही नसतं, याचीच तर चीड येते! खुर्चीवर सरकार आहे, पण चावी ठेकेदाराच्या खिशात.

आयकराचं पोर्टलच घ्या. 2019 मध्ये केंद्राने 4,242 कोटी मंजूर केले, काम इन्फोसिसला मिळालं. रिटर्नच्या प्रक्रियेला लागणारे 63 दिवस एका दिवसावर आणू म्हणाले. 7 जून 2021 ला जुनं, रुळलेलं पोर्टल काढून नवं लोकांच्या माथी मारलं आणि पहिल्या दिवसापासून बोंबाबोंब! ओटीपी येईना, डिजिटल सही नोंदवली जाईना, जुनी रिटर्न दिसेनात. परदेशी पैसे पाठवायचा 15सीए फॉर्म शेवटी बँकेत कागदावर घ्यायची वेळ आली. ऑगस्टमध्ये अख्खं पोर्टलच बंद पडलं, तेव्हा अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या सीईओंना बोलावून जाब विचारला.

पण डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. रिटर्नची मुदत सरकारनेच 30 सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, आणि हे सॉफ्टवेअर 31 जुलै हीच तारीख धरून लोकांवर आयकर कायद्याच्या 234एफ कलमाचं विलंब शुल्क आणि वर व्याज लावत होतं! चूक झाली, जादा घेतलेले पैसे परत करू, असं खात्याला सांगावं लागलं. म्हणजे आधी आम्ही भरायचे, मग परताव्याची वाट बघत बसायचं. का?

टेंडरमध्ये उलाढालीच्या अटीच अशा टाकतात की चार-पाच बड्या कंपन्यांशिवाय कुणी आत शिरूच शकत नाही. पुढे बिघाड झाला की खात्यात तो कोड वाचू शकणारा माणूस नसतो. अधिकारी बदलून जातो, कंपनी मात्र तीच राहते. एनआयसी ही सरकारची स्वतःची संगणक संस्था 1976 पासून आहे ना? मग तिथे चांगल्या पगारावर इंजिनिअर घ्या. पोर्टल किती तास बंद होतं ते रोजच्या रोज जाहीर करा, आणि बंद होतं तितके दिवस आमची मुदत आपोआप वाढू द्या. त्यासाठी दर वेळी संघटनांनी निवेदनं घेऊन दारोदार का फिरायचं?