‘आपणही दोनच बॅगा घेऊन आलो होतो’

गेल्या पंधरवड्यात कॅनडातल्या तीन मराठी ग्रुपांवर मला एकच फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: इथल्या मूलनिवासींची मुलं सरकार उचलतं, कारण आईबाप दारू पिऊन मारतात. सरकारी निवाऱ्यात त्यांची चैन असते, तीही आपल्या टॅक्सवर. त्यांना परत घरी पाठवणं म्हणजे आगीत ढकलणं. आणि अठरा पूर्ण झाली की त्यांनी आपल्यासारखं स्वतःच्या पायावर उभं राहावं. ‘आपणही दोनच बॅगा घेऊन आलो होतो.’

मी विनिपेगमध्ये अशाच एका तात्पुरत्या निवाऱ्यात रात्रपाळी करते. आपल्यातले बरेच जण करतात. नव्यानं आलेल्याला चटकन मिळणारं काम आहे ते. म्हणून गप्प बसवेना.

आधी मारहाणीचं. काही घरांत ती होते, दारू आहे, मेथसारखी कडक नशा आहे, आणि एखाद्या रात्री मूल बाहेर काढावंच लागतं. ते मी नाकारत नाही. पण फर्स्ट नेशन्सच्या (मूलनिवासींमधला सगळ्यात मोठा गट) मुलांच्या कागदांवर सगळ्यात जास्त वेळा दिसणारा शब्द ‘दुर्लक्ष’ हा आहे, आणि त्या एका शब्दाच्या पोटात गरिबी, पडकं घर, एका खोलीत सहा माणसं आणि व्यसन असं सगळंच येतं. 2021 च्या जनगणनेत 15 वर्षांखालच्या मुलांमध्ये मूलनिवासी मुलं होती 7.7 टक्के, फॉस्टर घरांतल्या, म्हणजे सांभाळायला दुसऱ्या कुटुंबांकडे दिलेल्या मुलांमध्ये 53.8 टक्के. आमच्या मॅनिटोबा प्रांतात तर केअरमधल्या, म्हणजे बालकल्याण यंत्रणेच्या ताब्यातल्या दर दहा मुलांमागे नऊच्या आसपास. एवढी तफावत नुसत्या आईबापांच्या स्वभावातून येते, असं म्हणायला फार धाडस लागतं.

यामागे पैशाचाही हात होता, आणि हे माझं मत नाही. 2016 साली कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणानं निकाल दिला की रिझर्व्हवरच्या (फर्स्ट नेशन्ससाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) मुलांसाठी केंद्र सरकार देत असलेला निधी भेदभाव करणारा आहे. तो अपुरा तर होताच, शिवाय त्याचं गणित उफराटं होतं. मूल उचललं की खर्च भरून मिळायचा. ते घरातच राहावं म्हणून कुटुंबाला मदत करायची तर हात आखडता. या प्रकरणाशी जोडलेल्या दाव्यांत 2023 मध्ये 23 अब्ज डॉलरच्या वर भरपाई मंजूर झाली. एवढी रक्कम उगाच कोणी मोजत नाही.

चैनीबद्दल काय बोलू? टीना फोंटेन 15 वर्षांची होती, सॅगकीन्ग फर्स्ट नेशनची. 2014 च्या उन्हाळ्यात बालकल्याण यंत्रणेनं तिला विनिपेगच्या हॉटेलात ठेवलं होतं, आणि ऑगस्टमध्ये रेड नदीत तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी मुलांना हॉटेलात ठेवणं सरकारला थांबवावं लागलं. आमच्याकडे जेवण वेळेवर मिळतं, वायफाय आहे. पण फ्रिजला कुलूप असतं, आणि एक सात वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी विचारते, ‘आज रात्री कोण आहे?’ आठ-आठ तासांनी माणसं बदलतात, त्यामुळे उत्तरही रोज बदलतं. आणि टॅक्सचंच म्हणाल, तर केअरमधल्या मुलांसाठी केंद्राकडून येणारा भत्ता मॅनिटोबा सरकारनं कित्येक वर्षं स्वतःच्या तिजोरीत वळवला होता. 2022 मध्ये न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. कोण कोणाच्या पैशावर जगत होतं, ते एकदा नीट बघा.

‘घरी पाठवणं म्हणजे आगीत ढकलणं’ हा मुद्दा ऐकायला सर्वात शहाणा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या डोक्यात घर म्हणजे आईबापांची चार भिंतींतली जागा. आपल्याकडे तरी तसं असतं का? आई आजारी पडली की मूल आजोळी जातं, आत्याकडे वाढतं, आणि त्याला कोणी बेघर म्हणत नाही. इथल्या मूलनिवासींच्या क्री भाषेत आजीला कोकुम म्हणतात (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलकढी आठवली होती). 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेला मूलनिवासी मुलांबद्दलचा केंद्रीय कायदा हेच म्हणतो: आधी आईबाप, मग कुटुंबातलं दुसरं मोठं माणूस, मग त्याच समाजातलं कोणी, आणि परकं घर सगळ्यात शेवटी. नुसत्या गरिबीमुळे किंवा घर नीट नाही म्हणून मूल उचलायचं नाही, हेही त्यात आहे. 9 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा घटनेला धरून असल्याचं सांगितलं. उत्तर मॅनिटोबातल्या नेल्सन हाउस इथल्या क्री लोकांनी तर त्याच्या कितीतरी आधी वेगळीच रीत सुरू केली. धोका आईबापांकडून असेल तर घर आईबापांनी सोडायचं. मूल आपल्याच अंथरुणात झोपतं आणि सांभाळायला दुसरं माणूस त्या घरात येतं.

आमच्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा होता (ओळखू येईल असं सगळं बदललं आहे). त्याची कोकुम बसनं पंचवीस मिनिटांवर राहते. ती घ्यायला तयार होती. अडलं होतं ते त्याच्यासाठी वेगळी झोपायची जागा नाही यावर. शेवटी तिच्या पुतण्यानं दुमजली पलंग आणून दिला. मुलगा गेला तेव्हा त्याचं सामान कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्यांत होतं.

आता त्या दोन बॅगांचं. मी उतरले तेव्हा एका बॅगेत कपडे होते, दुसरीत लोणचं, भाजणी आणि पदवीची सर्टिफिकेटं. खिशात ब्रॅम्प्टनच्या मावसभावाचा नंबर होता. त्याच्या बेसमेंटमध्ये तीन महिने फुकट राहिले. पैसे संपले तेव्हा बाबांनी पाठवले. तुमचंही थोड्याफार फरकानं असंच झालं असणार. पाच-सहा घरं बदलून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या पोरानं फोन कोणाला करायचा? 2022 पासून फर्स्ट नेशन्सच्या अशा तरुणांना 26 व्या वर्षापर्यंत आधार देण्यासाठी केंद्राचा निधी मिळू लागला आहे, ते बरंच झालं. पण निधीला मावसभाऊ होता येत नाही.

ग्रुपवर जे माझ्यासारख्या पाळ्या करतात, त्यांनी फॉरवर्ड पुढे ढकलण्यापेक्षा मुलांच्या फायली उघडून नातेवाइकांचं पान बघावं. फोन करणं आपलं काम नाही, मुलाची केस सांभाळणाऱ्या केसवर्करच्या मागे लागणं आहे. त्या मुलाच्या कोकुमचा नंबर पहिल्या दिवसापासून तिसऱ्या पानावर होता. तिला पहिला फोन गेला सातव्या आठवड्यात.