प्रिंटरमधून निघाला म्हणजे भाग तयार झाला, असे नाही

९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे, थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. १४ सुट्या भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड वाचले आणि ५६५ किलो फोर्जिंग (ठोकून-दाबून घडवलेला धातू) व पत्र्याच्या जागी १३.७ किलो धातूची पावडर पुरली, हे इस्रोनेच दिलेले आकडे आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो अशा बातम्यांना चिकटून फिरणाऱ्या मजकुराशी: ‘धातूचा प्रिंट केलेला भाग मशीनमधून थेट जोडणीला जातो, थर पातळ ठेवला की पृष्ठभाग गुळगुळीतच येतो, उरलासुरला खरखरीतपणा ब्लास्टिंगने (बारीक कणांच्या माऱ्याने) किंवा इलेक्ट्रोपॉलिशिंगने (द्रावणात विजेने धातू विरघळवून) जातो, आणि एचआयपी (तापवून चहूबाजूंनी वायूचा दाब देणे) केले की भाग पुन्हा पुन्हा ताण पडून थकून तडकण्याची भीती संपते.’ हे वाचून कोटेशनमधली फिनिशिंगची ओळ काटणारे लोक भेटू लागले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

थेट जोडणीचा मुद्दा लवकर निकालात निघतो. या छपाईत धातूच्या पावडरचा पातळ थर पसरून तो हवा तिथे वितळवतात आणि असे थरावर थर चढवतात. छपाई संपते तेव्हा भाग खालच्या जाड प्लेटशी एकजीव झालेला असतो, आणि त्यात साठलेला ताण भट्टीत उतरवण्याआधीच तो वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) सोडवला तर कित्येकदा डोळ्यांदेखत वाकतो. आडव्यापासून साधारण ४५ अंशांपेक्षा कमी उताराच्या बाजूंना खालून आधार द्यावे लागतात आणि ते तोडल्यावर तिथे खुंट राहतात. आटे, बेअरिंगची बैठक आणि ओ-रिंगची (गळती रोखणाऱ्या सीलच्या कड्याची) खाच यांना मशिनिंग लागतेच. वेल्ड वाचणे आणि सील बसण्याची जागा गुळगुळीत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पातळ थराचा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. आडव्यापासून १५ अंशांच्या उतारावर ६० मायक्रॉनच्या थराची पायरी सुमारे २२५ मायक्रॉन रुंद पडते आणि ३० मायक्रॉनच्या थराची ११० च्या आसपास. इथपर्यंत फायदा निर्विवाद आहे. उभ्या भिंतीवर मात्र पायरी नसतेच. तिथला खरखरीतपणा मुख्यतः कडेला अर्धवट वितळून चिकटलेल्या पावडरच्या कणांचा असतो आणि हे कण साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे असतात. भिंगाखाली ही भिंत अनारशाला लागलेल्या खसखशीसारखी दिसते. पोटाकडच्या, म्हणजे खाली तोंड असलेल्या बाजूची अवस्था आणखी वाईट असते, कारण तिथे वितळलेल्या धातूखाली घट्ट धातू नसून सैल पावडर असते. उष्णता निघून जायला वाट मिळत नाही, धातू खाली झिरपतो आणि गुठळ्या धरतो. त्यामुळे एकाच भागाच्या एका बाजूची रा व्हॅल्यू (पृष्ठभागाच्या चढउतारांची सरासरी) ६ आणि दुसऱ्या बाजूची १५ मायक्रॉन येऊ शकते. शिवाय वेळेचा हिशेब आहे: ९० मिलिमीटर उंचीच्या भागाला १,५०० ऐवजी ३,००० थर लागले आणि प्रत्येक वेळी पावडर पसरायला १० सेकंद धरले, तर नुसत्या पसरण्यातच चार तासांहून अधिक वेळ वाढतो.

ब्लास्टिंगने सैल कण झडतात, टोके दबतात आणि भागाला एकसारखा मंद रंग येतो. दऱ्या मात्र खालीच राहतात, कधी कधी तर दबलेल्या धातूखाली झाकल्या जातात. याचा धडा आम्हाला मोल्डमध्ये बसवायच्या, मॅरेजिंग स्टील या अतिमजबूत पोलादाच्या एका इन्सर्टने दिला. ब्लास्टिंगनंतर तो देखणा दिसत होता. दगड, एमरी पेपर आणि शेवटी ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावल्यावर त्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोके उमटली, आणि ती घालवायला आणखी घासले तेव्हा त्यांच्याखालची नवी उघडली. इलेक्ट्रोपॉलिशिंगचीही तऱ्हा वेगळी नाही. त्यात टोके आधी विरघळतात, त्यामुळे बारीक खरखर जाऊन चकाकी येते. पायऱ्यांची लांब लाट मात्र चकाकत तशीच उभी असते. ती घालवण्याइतका धातू काढला तर कडा बोथट होतात आणि जाळीचे बारीक दांडे आणखी बारीक होतात. आतल्या नळ्यांत ब्लास्टिंगचा मारा वळणापलीकडे पोहोचत नाही आणि कॅथोड (विजेचे ऋण टोक) आत ओवल्याशिवाय विद्युतप्रवाहही पुरेसा पोहोचत नाही. तिथे अपघर्षक कण मिसळलेला लगदा दाबाने आरपार ढकलण्याची पद्धत चालते, पण तोही तोंडाशी आणि वळणावर जास्त खातो आणि फाटे असतील तर सोप्या वाटेने निघून जातो.

एचआयपीमध्ये टायटॅनियमचा भाग साधारण ९२० अंश सेल्सिअसला १०० मेगापास्कल दाबाच्या आर्गॉनमध्ये ठेवतात आणि आतली बंद भोके मिटतात. जे भोक पृष्ठभागावर उघडे आहे, त्यात आर्गॉनच शिरतो. आतबाहेर दाब सारखा, मग ते मिटणार कसे? भाग थकून तडकायला सुरुवात बहुधा अशाच उघड्या खाचेतून होते. रा ही सरासरी असल्याने एखादी खोल दरी तिच्यात बुडून जाते. सर्वांत खोल दरी किती, हे वेगळे विचारावे लागते.

सगळेच घासून काढा, असे माझे म्हणणे नाही. कृत्रिम खुब्याच्या टायटॅनियम वाटीची बाहेरची बाजू हाड रुजावे म्हणून मुद्दाम सच्छिद्र आणि खरखरीत छापतात, आणि त्याच वाटीच्या आतल्या बाजूला, जिथे प्लॅस्टिकचे किंवा सिरॅमिकचे अस्तर बसते, तिथे मशिनिंग करतात.